अवकाशांतील काजळी

कंदिलाच्या कांचेवर जी काजळी धरते, तिचे भाऊबंद ताऱ्यांमधील पोकळींत पसरलेले आहेत, असें कोणी सांगितल्यास वाचकांस ती थट्टा वाटेल. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें.

सन १८०० मध्यें विल्यम हर्शेल यानें सूर्याच्या वर्णपटांत तांबड्या रंगापलीकडे उष्णतामापक ठेविला व अदृश्य अवरक्त किरणांची ऊब त्यास आढळली. त्या किरणांनीं तेजोमेघ न्याहाळण्यास मात्र फार काळ लागला. १९७३ सालीं जिलेट, फॉरेस्ट व मेरिल यांस कांहीं तेजोमेघांत ११.३ मायक्रॉनपाशीं एक ठळक पट्टा दिसला, हळूहळू ३.३, ६.२, ७.७ व ८.६ येथेंही पट्टे सांपडले. त्यांपैकीं ६.२ व ७.७ यांसाठीं दुर्बीण विमानांतून उंच न्यावी लागली. कारण ते किरण आपल्या हवेंतील बाष्पच गिळून टाकितें. शास्त्रज्ञांनीं या सर्वांस 'अनोळखी पट्टे' असेंच नांव दिलें. हा प्रामाणिकपणा आम्हांस फार आवडतो.

खरें कोडें पुढेंच होतें. ३.३ मायक्रॉनचा प्रकाश देण्यास पदार्थ हजारएक अंश तापावा लागतो, आणि ताऱ्यापासून दूर असलेली धूळ तर थंडगार असावयास पाहिजे. १९८४ सालीं क्रिस्टन सेलग्रेन या विदुषीनें दाखविलें कीं, ताऱ्यापासूनचें अंतर वाढलें तरी या प्रकाशावरून निघणारें तपमान उतरत नाहीं. म्हणजे ही ऊब शेकोटीची नव्हे! हंडाभर पाण्यांत निखारा टाकिला तर तें कोमटही होत नाहीं. पळीभर पाणी मात्र चरचरतें. येथील कण इतके सूक्ष्म कीं, अतिनील प्रकाशाचा एकच कण आदळतांच ते क्षणभर तापतात, आणि अवरक्त प्रकाश टाकून निवतात.

एवढा लहान कण म्हणजे एकेक रेणूच. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें लेजे व प्युजे यांनीं, आणि १९८५ सालीं अमेरिकेंत अलामंडोला, टीलेन्स व बार्कर यांनीं त्याची ओळख सुचविली: षट्कोणांच्या जाळींत गुंफलेले कर्बाचे परमाणु व कडेनें हायड्रोजन. काजळींत सांपडतें तेंच हें कुळ. ३.३ चा पट्टा कर्ब व हायड्रोजन यांमधील बंधाच्या ताणण्याचा, ६.२ चा कर्बाकर्बांतील बंधाचा.

बहुतेकांस हें मत मान्य आहे. परंतु असल्या सर्वच रेणूंचे बंध जवळजवळ सारखेच थरथरतात. त्यामुळें कुळ कळतें, व्यक्ति कळत नाहीं. २०२१ सालीं वृषभ राशींतील एका थंड मेघांत सायनोनॅप्थॅलीन निश्चितपणें सांपडलें. नॅप्थॅलीन म्हणजे आपल्या कपड्यांच्या ट्रंकेंतील डांबरगोळी. पण तें रेडिओ-दुर्बिणीनें सांपडलें, आणि तो रेणु या मानानें पुष्कळच लहान. 'अनोळखी पट्ट्यां'वरून एकही विशिष्ट रेणु अद्याप नांवानिशीं ओळखला गेलेला नाहीं.