एसक्यूलाइट (सी भाषेतून वापर)

एसक्यूलाइट : प्रोग्रामच्या पोटातच राहणारी डेटाबेस लायब्ररी. ओरॅकल किंवा मायएसक्यूएलप्रमाणे तिला वेगळा सर्व्हर लागत नाही. सगळी टेबले आणि इंडेक्स डिस्कवरच्या एकाच फाइलमध्ये असतात, आणि ती फाइल वाचणारी-लिहिणारी फंक्शने आपल्याच प्रोग्रामचा भाग होतात. रिचर्ड हिप या अमेरिकन प्रोग्रामरने ती २००० साली सी भाषेत लिहिली. तेव्हा ते अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठीच्या प्रणालीवर काम करत होते, आणि डेटाबेस सर्व्हर बंद पडला की पुढचे सगळेच काम अडत असे. सर्व्हरच नको, हा विचार तिथून आला. आज वापरात असलेली तिसरी आवृत्ती २००४ ची. तिच्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये ती असते.

सांगलीचे वालचंद महाविद्यालय (१९४७), कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०), साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय आणि साखराळ्याचे राजारामबापू इन्स्टिट्यूट (दोन्ही १९८३) यांमुळे सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत सी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. खाली दूध संकलन केंद्राचे उदाहरण घेतले आहे. सभासद, सकाळ-संध्याकाळ, गाय-म्हैस, लिटर, फॅट, दर आणि दहा दिवसांचे बिल हा हिशेब इथल्या विद्यार्थ्याने घरी पाहिलेला असतो, आणि नवशिक्याच्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्यात येतात.

पहिला प्रश्न हमखास असा असतो, की सर्व्हर कुठे सुरू करायचा? कुठेच नाही. लायब्ररीचा सारा मजकूर एका मोठ्या सी फाइलमध्ये (दोन लाखांहून अधिक ओळी) आणि एका हेडर फाइलमध्ये मिळतो. त्या आपल्या फाइलबरोबर कंपाइल केल्या की झाले. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ अशी चूक आली, तर हेडर सापडले पण लायब्ररी जोडली गेली नाही, असे समजावे. टर्बो सीवर हे काम होत नाही, कारण त्या जुन्या १६ बिटांच्या कंपाइलरला ६४ बिटांचा पूर्णांक माहीत नाही. जीसीसी घ्यावा.

ओपन या फंक्शनला दिलेल्या नावाची फाइल सापडली नाही, तर ते तक्रार न करता नवी रिकामी फाइल तयार करते. प्रोग्राम दुसऱ्या फोल्डरमधून चालवला, की ‘नो सच टेबल’ दिसते आणि कालचा डेटा उडाला असे वाटते. डेटा जागेवरच असतो. आपण दुसरीच फाइल उघडलेली असते. पूर्ण मार्ग द्यावा, किंवा ओपन-व्ही-टू वापरून नवी फाइल करण्याची मुभा काढून घ्यावी. तसेच इथे शून्य म्हणजे यश. ‘इफ ओपन’ असे लिहिणाऱ्याचा अर्थ नेमका उलटा होतो.

मुख्य काम चार पायऱ्यांत चालते: प्रिपेअर, बाइंड, स्टेप, फायनलाइझ. प्रिपेअर एसक्यूएल वाक्याची तयारी करते, बाइंड प्रश्नचिन्हांच्या जागी किमती बसवते आणि स्टेप ते प्रत्यक्ष चालवते. टेबल रिकामेच राहिले, तर बहुतेक वेळा स्टेप विसरलेले असते. स्टेपचे उत्तर १०० आले तर एक ओळ हाती आली, १०१ आले तर काम संपले. बाइंडचे क्रमांक १ पासून आणि कॉलमचे ० पासून सुरू होतात. ही विसंगती पाठच करावी लागते. एसप्रिंटएफने वाक्य जुळवण्याची सवय मात्र पहिल्याच दिवशी सोडावी. नावात एकेरी अवतरणचिन्ह आले की वाक्य मोडते, आणि कोणी मुद्दाम तसे टाकले तर आख्खे टेबल पुसता येते. बाइंडमधून गेलेली किंमत फक्त किंमतच राहते.

सी मधली खरी कसोटी मेमरीची. कॉलम-टेक्स्ट जो पॉइंटर देते, तो लायब्ररीच्या मालकीचा असतो, आणि पुढचे स्टेप, रीसेट किंवा फायनलाइझ होईपर्यंतच खरा असतो. सभासदांची नावे अॅरेमध्ये साठवताना नुसते पॉइंटर ठेवले, तर शेवटी कचरा छापला जातो. मजकुराची प्रतच काढावी लागते. त्या जागी नल असेल, तर पॉइंटरही नल येतो आणि स्ट्रकॉपी प्रोग्राम पाडते. बाइंड-टेक्स्टमध्ये याच्या उलट विचार करावा लागतो. स्टॅटिक म्हटले तर ‘हा मजकूर मी हलवणार नाही’ असे आपण वचन देतो, ट्रान्झिएंट म्हटले तर लायब्ररी स्वतःची प्रत काढते. शंका असेल तिथे ट्रान्झिएंट लिहावे.

तारखेसाठी वेगळा प्रकारच नाही. ती मजकूर म्हणून ठेवायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. दिवस आधी लिहिला की क्रम बिघडतो. ‘नाउ’ची वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, भारताच्या साडेपाच तास मागे. म्हणून पहाटे सव्वापाचला घातलेले दूध आदल्या दिवसाच्या तारखेवर चढते, आणि साडेपाचनंतरचे आजच्या. दहा दिवसांच्या बिलाच्या पहिल्याच सकाळी हा घोळ उघडा पडतो. ‘लोकलटाइम’ जोडले की तो मिटतो. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी.

वीज गेली तर काय, हा प्रश्न गावाकडच्या प्रोग्रामरला वेगळा शिकवावा लागत नाही. बदल करण्यापूर्वी लायब्ररी जुनी पाने जर्नल नावाच्या शेजारच्या फाइलमध्ये उतरवते, आणि मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी त्यावरून डेटाबेस पूर्ववत करते. ही ‘फालतू’ फाइल दिसली म्हणून पुसून टाकणे, ही माझ्या मते नवशिक्याची सर्वांत महाग चूक आहे, कारण दुरुस्तीचा एकमेव आधार तीच असते. प्रोग्राम चालू असताना डेटाबेसची फाइल पेनड्राइव्हवर ओढून नेणेही तितकेच घातक. त्यासाठी बॅकअपची वेगळी फंक्शने आहेत.

या सुरक्षिततेची किंमत वेगात मोजावी लागते. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कवर सेकंदाला साधारण ६० ट्रॅन्झॅक्शनच होतात, कारण प्रत्येक वेळी डेटा डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत थांबावे लागते. बिगिन न लिहिल्यास प्रत्येक इन्सर्ट हेच एक ट्रॅन्झॅक्शन ठरते. २०० सभासदांच्या दहा दिवसांच्या दोन्ही वेळच्या ४,००० नोंदी अशा भरायला मिनिटाहून जास्त वेळ लागतो; बिगिन आणि कमिट यांच्यामध्ये घातल्या, तर त्याच नोंदी सेकंदाच्या आत होतात. ‘डेटाबेस इज लॉक्ड’ (क्रमांक ५) हे उत्तर बहुधा दुसरीकडे अर्धवट सोडलेल्या सिलेक्टमुळे येते. तो रीसेट करावा आणि बिझी-टाइमआउट लावावा. परकीय कळांची तपासणी मुळात बंद असते. प्रत्येक वेळी डेटाबेस उघडल्यावर ती चालू करावी लागते.

देवनागरीबाबत मात्र इंग्रजी माहितीपुस्तके फारशी उपयोगी पडत नाहीत. मजकूर यूटीएफ-८ मध्ये जातो, आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘सातारा’ आणि ‘सांगली’ दोन्ही आपल्याला तीन अक्षरी वाटतात. एसक्यूएलचे लेंग्थ दोन्हींसाठी ६ सांगते, सी चे स्ट्रलेन १८. कोणाचेच चुकत नाही. काना, वेलांटी आणि अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे आहेत, आणि स्ट्रलेन फक्त बाइट मोजते.

‘कऱ्हाड’ याहून अवघड. त्यातला अर्धा र एका कीबोर्डवरून ऱ या स्वतंत्र वर्णाने उमटतो, तर दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पहिला १८ बाइटचा आणि दुसरा २१ चा. ‘गाव बरोबर कऱ्हाड’ असे शोधल्यावर निम्मे सभासद सापडत नाहीत, आणि गावासाठी २० बाइटची अॅरे ठेवली असेल तर दुसरा प्रकार तिच्याबाहेर सांडतो. नोंद घेतानाच एक रूप ठरवून त्यात बदलून घेणे, एवढाच खात्रीचा मार्ग आहे. देवनागरी अंकांचेही तसेच. पूर्णांकाच्या कॉलममध्ये ‘१२’ असे देवनागरीत टाकले तर तो मजकूरच राहतो, आणि बेरजेत शून्य धरला जातो.

शेवटी क्रम. वाईत मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला, आणि नोंदी अकारविल्हे लावण्याचे मोल या गावाला सांगायला नको. एसक्यूलाइटचा ऑर्डर-बाय मात्र नुसते बाइट पाहतो. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे बसवला आहे, वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. त्यामुळे वर्णमालेप्रमाणे वासुंबे आधी आणि वाळवा नंतर हवे, तिथे यादीत वाळवा आधी छापले जाते; क्ष आणि ज्ञ हेही क आणि ज मध्ये मिसळतात. क्रिएट-कोलेशन या फंक्शनने तुलनेचा आपला नियम सी मध्ये लिहून देता येतो. त्या फंक्शनला मजकुराची लांबी बाइटमध्ये मिळते, आणि शेवटी शून्य बाइट असेलच असे नाही, म्हणून तिथे स्ट्रकंप वापरू नये. हा नियम फाइलमध्ये साठत नाही. तो कनेक्शनगणिक पुन्हा नोंदवावा लागतो, आणि त्यावर इंडेक्स बांधला असेल तर दुसऱ्या साधनातून त्या टेबलात नोंद घालताना ‘नो सच कोलेशन सीक्वेन्स’ असे उत्तर येते.