देश बदलणारा खेळाडू: भाडोत्री की आपला पोट्टा?

जून 2024 मध्ये सौरभ नेत्रावळकरने अमेरिकेसाठी सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर "आपला मराठी पोट्टा" म्हणून नुसता जल्लोष. सहा दिवसांनी त्यानेच विराटला पहिल्याच चेंडूवर घरी पाठवलं, पाठोपाठ रोहितलाही. तरी कोणी गद्दार म्हणालं नाही.

पण 2018 ची राष्ट्रकुल स्पर्धा आठवा. गोल्ड कोस्टला महिला टेबल टेनिसच्या सांघिक फायनलमध्ये आपल्यासमोर सिंगापूर होतं. 2002 पासून दरवेळी हे सुवर्ण त्यांचंच. त्यांच्याकडून उतरलेल्या फेंग तियानवेई, यू मेंग्यू, झोऊ यीहान, तिघीही चीनमध्ये जन्मलेल्या. आपण 3-1 ने जिंकलो. मनिका बत्राने दोन सामने काढले, आणि दुहेरी काढली मौमा दास अन् ठाण्याच्या मधुरिका पाटकरने. पुण्याची पूजा सहस्रबुद्धेही त्या संघात होती. तेव्हा हेच लोक म्हणत होते, "भाड्याच्या चिनी पोरींना हरवलं!"

भाड्याच्या का बरं? या खेळातली सगळ्यात गाजलेली गोष्ट तर आपल्या दिल्लीतूनच सुरू होते. 1987 ची जागतिक स्पर्धा नवी दिल्लीत झाली. चीनच्या 'हे झिली'ला सेमीफायनलमध्ये प्रशिक्षकांचा हुकूम आला, की समोरच्या आपल्याच संघातल्या मुलीला जिंकू दे. कोरियन खेळाडूविरुद्ध फायनलला ती बरी पडेल, असा हिशोब होता. हिने ऐकलं नाही. सेमीफायनल जिंकली, फायनलही जिंकली, विश्वविजेती झाली. बक्षीस काय मिळालं? 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या संघातून नाव गायब.

पुढे तिने जपानी माणसाशी लग्न केलं, चिरे कोयामा झाली. 1994 ला हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत जपानकडून खेळताना फायनलमध्ये चीनच्या डेंग यापिंगला हरवलं. चीनमध्ये तिला देशद्रोही म्हणून शिव्या पडल्या. बाप्पा, आधी दार कोणी लावलं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

सगळेच असे अन्याय झालेले नसतात, हेही खरं. चीनमध्ये चांगल्या खेळाडूंची इतकी गर्दी, की तिथल्या राखीव मुली दुसऱ्या देशात पहिल्या क्रमांकाच्या होतात, आणि सिंगापूरने तर परदेशी खेळाडू आणायची रीतसर योजनाच केली होती. शेवटी 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम केला: वयाच्या 21 नंतर देश बदलला, तर जागतिक स्पर्धेत नव्या देशाकडून खेळता येणार नाही.

आपल्याकडे त्याच वर्षाच्या शेवटी क्रीडा मंत्रालयाने ठरवलं, भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळायचं. अमेरिकन पासपोर्टवर डेव्हिस कप खेळणारा प्रकाश अमृतराज त्यातच बाहेर झाला. म्हणजे यायची वाट बंद, जायची मोकळी. माझ्या मते हा नियम जरा जास्तच कडक आहे, पण ते असो.

आपण गोंदियावाल्यांनी तरी निष्ठेचं प्रमाणपत्र वाटताना दमानं घ्यावं. 1956 पर्यंत आपण जुन्या मध्य प्रदेशात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात, 1960 पासून महाराष्ट्रात, आणि 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा. जागचे न हलता इतकं बदललो. आजही कित्येकांची सासुरवाडी बालाघाट नाहीतर राजनांदगावची.

नेत्रावळकर 2010 चा 19 वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळला, 2013 ला मुंबईकडून रणजीत उतरला. पण मुंबईच्या संघात जागा पक्की होईना, तेव्हा 2015 मध्ये कॉम्प्युटर शिकायला अमेरिकेला गेला. मुंबईच्या पोराची ही गत, तर आमगाव-देवरीच्या पोट्ट्याचं काय? त्याचं पहिलं स्थलांतर नागपूरचंच असतं, अमेरिका लांबची गोष्ट.

आपल्या तालुक्यात टेबल टेनिसचं धड टेबल आणि शिकवणारा माणूस कुठे आहे, ठाऊक असेल तर इथे लिहा. यादी करून सगळ्यांसाठी टाकतो.