चवदार तळ्याचा दावा वाचताना

नाशिककरांना २ मार्च १९३० ही तारीख सांगावी लागत नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्या दिवशी सुरू झाला. पण त्याच वेळी तिकडे महाडच्या कोर्टात बाबासाहेब एका दिवाणी दाव्यात प्रतिवादी होते, हे किती जणांना माहीत असतं? मला तरी पीएचडीला येईपर्यंत नव्हतं.

२० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा महाडच्या काही सवर्णांनी आधीच कोर्ट गाठलं. तळं आमचं आहे, अस्पृश्यांना तिथे मनाई करा, ही त्यांची मागणी. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. बाबासाहेबांनी तो मोडला नाही, सत्याग्रह तहकूब केला.

आता दाव्याची रचना बघा. सगळ्या अस्पृश्यांवर एकेक करून दावा कसा लावणार? १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १, रूल ८ आहे: कोर्टाच्या परवानगीने मोजक्या लोकांना समूहाचे प्रतिनिधी धरून दावा चालवता येतो. आज ज्याला ‘क्लास अ‍ॅक्शन’ म्हणतात त्याचा हा जुना भाऊबंद. वादी सवर्णांच्या वतीने. प्रतिवादी आंबेडकर, शिवतरकर वगैरे अस्पृश्यांच्या वतीने. प्रातिनिधिक दाव्याचा निकाल मात्र दोन्ही समूहांना बांधतो. म्हणजे हरले, तर वादींच्या मागचा सगळा समाजही हरणार होता. आणि झालंही तसंच.

वादींची मदार वहिवाटीवर होती. पण कायद्याला नुसती जुनी सवय चालत नाही, अनादी काळापासूनची रूढी सिद्ध करावी लागते. ती त्यांना जमली नाही. १९३१ मध्ये महाडला, १९३३ मध्ये ठाण्याच्या अपिलात आणि शेवटी १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात ते हरले. तब्बल दहा वर्षं, एका तळ्यासाठी!

इथे आपण विज्ञानवाले सावध असायला हवं. ‘रूढी सिद्ध झाली नाही’ आणि ‘अस्पृश्यता अन्याय्य आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. उच्च न्यायालयाने पहिल्यावर निकाल दिला. नल हायपोथेसिसबद्दल आपण हाच घोळ घालतो ना? म्हणून निकालपत्र हातात आलं की शेवटचं पान उघडण्याआधी बघा: सिद्ध करण्याचं ओझं कोणावर होतं?

आणि हो, निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच.