माणसाचे शरीर रेडिओ पकडते का?

सांगली आकाशवाणी नीट लागावी म्हणून कोल्हापुरातली जुनी पिढी अख्खा ट्रान्झिस्टर फिरवीत असे. त्याच्या दांडीला हात लावून उपयोग नसे. एफएमचे उलट. दांडी धरली की खरखर थांबते, हात सोडला की पुन्हा सुरू. हा भास नव्हे. या प्रश्नाचा इतिहास तर रेडिओहूनही जुना आहे.

१७८० च्या दशकात बोलोन्यात लुइजी गॅल्वानी सोललेल्या बेडकांवर प्रयोग करीत होते. विद्युतयंत्रातून ठिणगी उडाली, की यंत्राला न जोडलेला बेडकाचा पाय झटका देई. मात्र त्याच्या मज्जातंतूला त्या वेळी धातूचा स्पर्श असावा लागे. या बेडकाला काही जण पहिला रेडिओ-ग्राहक म्हणतात. मला ते घाईचे वाटते: इतक्या जवळून नुसत्या विद्युत्-प्रवर्तनानेही स्नायू उडू शकतो. रेडिओलहरींचे अस्तित्व हर्ट्झ यांनी सिद्ध केले ते शंभर वर्षांनी.

१८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी पाठवलेल्या लहरी भिंती आणि खुद्द बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर यांना ओलांडून पलीकडे पोहोचल्या. तिथे घंटा वाजली, बंदुकीची दारू पेटली. साहेबांना मात्र आपल्या देहातून काही गेल्याची चाहूलही लागली नसावी.

का? याचे उत्तर बोस यांच्याच पुढील कामात सापडते. त्यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजावर आधारलेला शोधक तयार केला. १९०४ साली त्याचे अमेरिकी पेटंट त्यांना मिळाले. लहर पकडणे वेगळे आणि तिच्यातला संदेश उलगडणे वेगळे. पहिले काम शरीर उत्तम करते. एफएमची लहर सुमारे ३ मीटर लांब, तिचे अर्धे म्हणजे जवळजवळ माणसाची उंची; दांडी धरणारा स्वतःच अँटेना होतो. मिडियम वेव्हच्या लहरी शेकडो मीटरांच्या, आणि तिथे ट्रान्झिस्टरची अँटेना डब्यातच असते. म्हणून सांगलीसाठी डबा फिरवावा लागे. दुसऱ्या कामासाठी गॅलिनासारखा, प्रवाह एकाच दिशेने सोडणारा जोड लागतो. तो हाडामांसात नाही.

मग दाताच्या भरावातून रेडिओ ऐकू येण्याची दंतकथा? अमेरिकन अभिनेत्री ल्युसिल बॉल यांचा किस्सा सर्वाधिक फिरतो, पण तो त्यांनी अनेक वर्षांनी सांगितलेला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याला आठवण म्हणावे, पुरावा नव्हे. शिवाय खरोखर आवाज ऐकू येणाऱ्या माणसाला अशी गोष्ट सांगून हसण्यावारी नेले, तर त्याचे उपचार लांबतात.

एक अपवाद मात्र पक्का आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारजवळ काम करणाऱ्यांना टिकटिक ऐकू येई. १९६० च्या दशकाच्या आरंभी अॅलन फ्रे यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र स्पंदाने डोक्यातील ऊती क्षणभर किंचित तापतात, प्रसरण पावतात आणि त्या दाबाची लहर अंतर्कर्णाला ध्वनी म्हणून जाणवते. त्या टिकटिकीत शब्द नव्हते.