वकिलीच्या आधीची लेखणी

नाशिकला १५ नोव्हेंबर १८६६ रोजी जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजीचे नाव निघाले, की पाठोपाठ 'भारतातील पहिली महिला वकील' हे शब्द येतात. ते बरोबरच आहेत. पण तिच्या पुस्तकांची वर्षे आणि वकिलीतल्या टप्प्यांची वर्षे एकाखाली एक लिहून काढली, तर क्रम उलटा लागतो. इंग्लंडच्या नियतकालिकात पहिला लेख आला १८९१ मध्ये. पहिला कथासंग्रह १९०१ मध्ये. सरकारी नोकरी मिळाली १९०४ मध्ये, आणि बॅरिस्टर म्हणून लंडनच्या लिंकन्स इनमध्ये नाव लागले ते थेट १९२३ मध्ये, वयाची छप्पन्न वर्षे उलटल्यावर. न्यायालयाचे दार बंद होते त्या सगळ्या वर्षांत लिहिणे मात्र थांबलेले नाही. वकिलीच्या मोठ्या नावाखाली ही लेखिका झाकली गेली आहे.

वडील सोराबजी खरशेदजी लंगराना हे मुंबईच्या पारशी घराण्यातले. १८४१ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि घर तुटले. पुढे ते चर्च मिशनरी सोसायटीच्या कामात नाशिकला होते. शरणपूर हे नाव आज नाशिककरांना रस्त्यापुरते माहीत असते, पण ती विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५०च्या दशकात वसवलेली ख्रिस्ती वसाहत. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथे शिकत, हातकाम शिकून बाहेर पडत. कॉर्नेलियाच्या जन्मवर्षीच, १८६६च्या जानेवारीत, डेव्हिड लिव्हिंग्स्टन शरणपूरला शिकलेल्या काही आफ्रिकी तरुणांना घेऊन मुंबईहून आपल्या शेवटच्या मोहिमेवर निघाला. त्याच शाळेतला जेकब वेनराइट पुढे लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर लंडनपर्यंत गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर होता. पारशी बाप, हिंदू कुळात जन्मून इंग्रज फोर्ड दांपत्याच्या घरी वाढलेली आई फ्रान्सिना, शेजारी आफ्रिकी आणि मराठी ख्रिस्ती: गोदाकाठच्या तीर्थक्षेत्रात, पण त्याच्या रीतिरिवाजाबाहेर उभ्या असलेल्या घरात ही मुलगी जन्मली.

कुटुंब पुढे बेळगावला आणि मग पुण्याला गेले. फ्रान्सिनाबाईंनी १८७६ मध्ये पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढले. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर ठरली, तीही पहिल्या वर्गात. त्या गुणांवर इंग्लंडला जाण्यासाठीची सरकारी शिष्यवृत्ती तिची होती, पण बाईमाणूस म्हणून ती नाकारली गेली. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात तिने मुलग्यांना इंग्रजी शिकवले. दरम्यान १८८८ मध्ये लेडी हॉबहाउस यांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हा अन्याय मांडला, वर्गणी जमली. देणाऱ्यांत फ्लोरेन्स नाइटिंगेल होत्या, सर विल्यम वेडरबर्न होते. १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाली.

या वर्गणीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण लेखिका म्हणून तिचा वाचक तिथेच ठरला. ज्यांनी तिला इंग्लंडला आणले त्याच मंडळींना ती पुढे चाळीस वर्षे हिंदुस्थान सांगत राहिली. ऑक्सफर्डहून पुण्याला आईवडिलांना धाडलेली तिची पत्रे ब्रिटिश लायब्ररीत तिच्या रोजनिशांबरोबर जपलेली आहेत. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांचा स्नेह, मोठ्या घरांतली जेवणे, तिच्या पारशी पद्धतीच्या साड्यांचे लोकांना वाटणारे अप्रूप, हे त्यांत पानोपानी येते. १८९२ मध्ये बी.सी.एल. या कायद्याच्या पदवीच्या परीक्षेला तिला बसू देण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. ती बसली, तिसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाली. पदवी मात्र हातात पडली तीस वर्षांनी. अभ्यासाचे ओझे, परीक्षकांचा नाराज सूर आणि नव्या ओळखींचा आनंद ही सगळी एकाच वेळी सुरू असताना ती लिहीत होती. १८९१च्या ऑक्टोबरात 'नाइन्टीन्थ सेंच्युरी' मासिकात 'स्ट्रे थॉट्स ऑफ ॲन इंडियन गर्ल' हा लेख आला, तेव्हा ती पंचविशीत पोचायची होती.

नेमक्या त्याच वर्षांत तिने मागे ठेवलेल्या पुण्यात काय छापले जात होते? हरी नारायण आपटे यांच्या 'करमणूक'मधून १८९० पासून 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः येत होती. घराच्या आतल्या बाईचे दुःख हाच दोघांचा विषय. पण आपट्यांची नायिका यमू आपल्याच माणसांशी बोलते; सासर, माहेर, आलवण, सोवळे यांतले काही वाचकाला समजावून सांगायची गरज तिला पडत नाही. कॉर्नेलियाच्या कथांतल्या बायकांबद्दल दुसरेच कोणी परक्या वाचकाला सांगत असते. यात तिची कुवत कमी होती असे मला वाटत नाही. इंग्रजी तर तिच्या घरचीच भाषा होती. मासिके लंडनची होती, आणि यमूच्या घरात पाहुणी म्हणून जाण्याएवढीही जागा त्या काळच्या ख्रिस्ती मुलीला नव्हती.

कॉर्नेलियाच्या आधी चार वर्षे, १८६२ मध्ये, अहमदनगरला कृपाबाई खिस्ती जन्मल्या. त्याही धर्मांतरित ब्राह्मण घरातल्या, आणि लग्नानंतर मद्रासच्या कृपाबाई सत्यनाथन झालेल्या. त्यांची 'सगुणा' ही कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात क्रमशः आली. कृपाबाईंनी स्वतःचे बालपण, भावाचा मृत्यू, मोडलेले वैद्यकीय शिक्षण सारे कादंबरीत सरळ घातले. १८९४ मध्ये बत्तिसाव्या वर्षी त्या गेल्या, आणि त्याच वर्षी 'कमला' ही दुसरी कादंबरी पुस्तकरूपाने आली. कॉर्नेलिया सत्त्याऐंशी वर्षे जगली, डझनभर पुस्तके लिहिली. पण कथेत स्वतःला तिने कधी मध्यभागी आणले नाही. नगर आणि नाशिक या दोन शेजारच्या जिल्ह्यांतून निघालेल्या या दोघींची इंग्रजी पुस्तके एकत्र ठेवून वाचली पाहिजेत असे मला फार दिवस वाटत आले आहे.

१८९३ मध्ये कॉर्नेलिया हिंदुस्थानात परतली. काठेवाडातील संस्थानांत राण्यांची कामे पाहिली, १८९६ मध्ये पुण्याच्या न्यायालयात खुनाच्या खटल्यात आरोपी स्त्रीच्या बाजूने उभी राहिली. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एल्‌एल. बी. झाली, पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली. तरी सनद नाही. या अधांतरी वर्षांतून 'लव्ह अँड लाइफ बिहाइंड द परदा' हा संग्रह निघाला. त्याच्या पहिल्या पानांवर लॉर्ड हॉबहाउस आणि लेडी डफरिन यांचा मजकूर आहे. १८८८ च्या वर्गणीतले हॉबहाउसांचे नाव तेरा वर्षांनी असे कथांच्या दाराशी उभे राहते. हस्तांतराचे दस्त ज्या बारकाईने वाचायचे, त्याच बारकाईने ती राण्यांच्या महालातली कुलपे, दासी, मुनीम, विषाच्या वावड्या टिपते. कथानके कधी भावूक होतात, शेवट घाईने येतात. पण मालमत्ता कुणाच्या नावावर आहे हे ती विसरत नाही, आणि हेच मला त्या कथांचे खरे बळ वाटते.

१९०२ मध्ये तिने 'टाइम्स'मधून पडदानशीन बायकांसाठी स्त्री कायदेतज्ज्ञ नेमण्याची मागणी केली. १९०४ मध्ये बंगाल सरकारने तिला कोर्ट ऑफ वॉर्ड्स या, अज्ञान वारस आणि स्त्रिया यांच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या खात्याची स्त्री सल्लागार नेमले. १९२२ पर्यंतच्या सेवेत तिने सहाशेहून अधिक स्त्रियांना आणि अज्ञान वारसांना मदत केली असे मानले जाते. नदीतून होडीने, पालखीने, कधी हत्तीवरून ती अंतःपुरांत पोचे. 'सन-बेबीज' १९०४ मध्ये आले, 'बिट्वीन द ट्वायलाइट्स' १९०८ मध्ये. दोन्ही छोट्या शब्दचित्रांची पुस्तके.

सलग कादंबरी तिने लिहिली नाही. माझा तर्क असा, की नोकरीनेच तिला छोट्या आकारात बांधून ठेवले. दौऱ्यावर सतत नवी बाई, नवा तंटा, आणि अशिलाचे गुपित राखण्याचे बंधन; मग नाव बदलून, तपशील उडवून एक प्रसंग तेवढा लिहिता येतो. कादंबरी लिहिली तिच्या धाकट्या बहिणीने. १८७४ मध्ये बेळगावला जन्मलेली ॲलिस डॉक्टर झाली, वायव्य सरहद्दीवर बन्नूच्या मिशन रुग्णालयातल्या थिओडोर पेनेलशी तिने लग्न केले. रुग्णावरच्या शस्त्रक्रियेतून रक्तात विष भिनून १९१२ मध्ये तो वारला. ॲलिसने आधी त्याचे चरित्र लिहिले आणि मग तीन कादंबऱ्या: 'चिल्ड्रन ऑफ द बॉर्डर' १९२६ मध्ये, 'द बेगम्स सन' १९२८ मध्ये आणि 'डोअरवेज ऑफ द ईस्ट' १९३१ मध्ये.

आपल्याकडे कॉर्नेलियाचे वाचक उरले नाहीत याचे मोठे कारण राजकीय आहे. ती इंग्रजी राज्याच्या बाजूची होती, गांधीजींच्या चळवळीला तिचा विरोध होता, आणि १९२७ मध्ये कॅथरिन मेयोच्या, हिंदुस्थानची निंदा करणाऱ्या 'मदर इंडिया'वर देश पेटला असताना तिने त्या पुस्तकाची पाठराखण केली. या भूमिकेचे समर्थन मी करणार नाही. ज्या बायकांचे अश्रू तिने पाहिले होते, त्यांच्या नावाने एका परकीय निंदकाला साक्ष पुरवणे ही तिची फार मोठी चूक होती, आणि तिची किंमत तिच्या चांगल्या पानांनाही मोजावी लागली.

'इंडिया कॉलिंग' हे आत्मचरित्र १९३४चे, साठी ओलांडून लंडनला स्थिरावल्यावर लिहिलेले. ते सावधपणे वाचावे. तिथे कॉर्नेलिया स्वतःचे पारशीपण पुढे ठेवते आणि आईचे हिंदू मूळ मागे जाते. त्याआधी १९२४ मध्ये आईवडिलांवर लिहिलेले 'देअरफोर' जोडीला ठेवले, की त्या कुटुंबाचे नाशिकमधले दिवस आणि वडिलांच्या धर्मांतराने पडलेली फूट अधिक जवळून दिसते. पण तेही मुलीच्या प्रेमाने लिहिलेले. घटना घडत असताना लिहिलेली पत्रे आणि रोजनिशा मात्र या दोन्ही पुस्तकांपेक्षा भरवशाच्या.

६ जुलै १९५४ रोजी ती लंडनला वारली. भाचा, तत्त्वज्ञ रिचर्ड सोराबजी यांनी २०१० मध्ये 'ओपनिंग डोअर्स' हे तिचे चरित्र लिहिले. त्याआधी २००६ मध्ये सुपर्णा गुप्तू यांचे आले होते. दोन्हींत भर वकिलीवर आहे. लेखिकेसाठी करण्याचे पहिले काम अगदी नेमके सांगता येते: १९०४ ते १९०८ मधल्या दौऱ्यांच्या नोंदी आणि रोजनिशा घेऊन 'बिट्वीन द ट्वायलाइट्स'मधले एकेक शब्दचित्र त्यांच्याशी ताडून पाहायचे, कोणती बाई जशीच्या तशी कागदावर आली आणि कोणती बदलली ते नोंदवायचे.