आधी ग्रंथपाल, मग ग्रंथालय

माझी आतेबहीण पिंपळीची. बारामती तालुक्यातलं गाव. शेजारच्या एका गावातलं छोटं वाचनालय ती सांभाळते. गेल्या वर्षी तिने ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र कोर्स पूर्ण केला. ड्युईचे दशांश, तालिकेची कार्डं, दाखल नोंदवही, सगळं शिकली. अभिनंदनाचा फोन केला तर म्हणाली, "दादा, तुमच्यात कंपनीच ट्रेनिंगला पाठवती, फी पण तीच भरती. आमच्यात ट्रेनिंग केलं तरी पगार तेवढाच. ह्यो कोर्स काढला तरी कुणी?"

प्रश्न चेष्टेतला होता, पण डोक्यातून जाईना. दोन-तीन वीकएंड त्यात गेले. आणि उत्तर सापडलं ते चक्क एका मराठी माणसापाशी, फक्त तो राज्य करत होता बडोद्यात.

सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी 1906 मध्ये राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, हे बहुतेकांना माहीत असतं. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. शाळा सोडलेल्या पोराला वाचायला काही मिळालं नाही, तर चार वर्षांत ते अक्षरं विसरणार. म्हणजे शाळेवरचा खर्च पाण्यात. म्हणून ग्रंथालयं हवीत. किती सरळ हिशेब आहे बघा! अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. 1910 मध्ये त्यांनी तिथूनच विल्यम बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून घेतला. राजवाड्यातला स्वतःचा संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला. आणि 1911 मध्ये बोर्डनने बडोद्यात ग्रंथपालनाचा वर्ग सुरू केला. भारतातला हा पहिला असं मानतात. तर बहिणीच्या कोर्सचं मूळ इथे आहे.

बोर्डन स्वस्थ बसणाऱ्यातला नव्हता. ड्युई आणि कटर या दोघांच्या पद्धती एकत्र करून त्याने बडोद्यासाठी वेगळं वर्गीकरण बसवलं. (दोन फ्रेमवर्क जोडून तिसरं करण्याची खोड आमच्याच धंद्यात आहे असं नाही!) कुलूपबंद लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरू लागली. गावात वाचनालय काढायचं तर गावाने जेवढी रक्कम उभी करायची, तेवढीच पंचायत देणार आणि तेवढीच सरकार. 1912 पासून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं त्रैमासिकही निघायला लागलं, इंग्रजी, गुजराती आणि मराठीत. म्हणजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या भाषेत ग्रंथपालांना स्वतःच्या कामाबद्दल वाचायची सोय होती. बोर्डन 1913 मध्ये परत गेला, तरी कुडाळकर, मोतीभाई अमीन या मंडळींनी काम चालू ठेवलं.

आता, तिथल्या प्रत्येक खेड्यात पूर्णवेळ पगारी ग्रंथपाल होता असा समज करून घेऊ नका. पण वर एक खातं होतं, आणि त्या खात्याला 'हे काम शिकावं लागतं' हे पहिल्याच वर्षी कळलं होतं. मला यातलं सर्वात मोठं वाटतं ते हेच.

आपल्याकडची वाट वेगळी. पुणे नगर वाचन मंदिर 1848 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबईचं 1898 चं. सगळी लोकांनी वर्गणी काढून उभी केलेली. मुंबई सरकारने 1939 मध्ये फैजी समिती नेमली, कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये देशातला पहिला ग्रंथालय कायदा केला, आणि महाराष्ट्राचा कायदा आला 1967 मध्ये. त्यात ग्रंथालय उपकर नाही. सरकार संस्थांना मान्यता देतं, अ, ब, क, ड असे वर्ग पाडतं आणि त्याप्रमाणे अनुदान देतं. संस्था लोकांच्याच राहतात.

ही रचना मला मनापासून आवडते, खोटं कशाला बोलू. सगळं सरकारी झालं असतं तर गावच्या वाचनालयावर गावाचा जीव राहिला नसता. पण यात एक भोक आहे, आणि ओपन सोर्सवाल्यांना ते लगेच ओळखू येईल: वापरणारे सगळे, सांभाळणारा एकटा, आणि त्याच्या पोटाचं कुणीच बघत नाही. ग्रंथपाल हा संस्थेचा नोकर, सरकारचा नाही. त्यामुळे वेतनश्रेणी नाही. 2012 च्या वाढीनंतर 'ड' वर्गाला वर्षाला 30 हजार रुपये मिळत. त्यातले निम्मे पगाराला. करा भागाकार, महिन्याला साडेबाराशे! 2022 च्या अखेरीस 60 टक्के वाढ मंजूर झाली, म्हणजे तोच आकडा दोन हजार. आमच्या ऑफिसात एका टीम लंचचं बिल याहून जास्त होतं.

एवढ्या पैशात प्रशिक्षित माणूस टिकणार कसा? तो कोर्स करतो, आणि जमलं तर कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी बघतो. वाचनालयात मग नवा माणूस येतो. पुन्हा दाखल नोंदवहीपासून सुरुवात.

शेजारी कर्नाटकने 1965 च्या कायद्यात उलटी वाट धरली: उपकर लावला आणि ग्रंथालयांसाठी राज्याची वेगळी सेवा उभी केली. तिथल्याही तक्रारी असतीलच, पण त्या सेवेतल्या ग्रंथपालाला श्रेणी आहे, बढती आहे. गंमत म्हणजे बडोदा ज्या राज्यात गेलं त्या गुजरातचा ग्रंथालय कायदा यायला 2001 उजाडलं. आणि महाराष्ट्रात वेतनश्रेणीचं काय? व्यंकप्पा पत्की समितीने तशी शिफारस करून ठेवली आहे. ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या निवेदनांत वर्षानुवर्षं तिचंच नाव येत राहिलं आहे.