काळ्या समुद्रातील रापाना गोगलगाय : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :
परक्या सागरी गोगलगायींच्या प्रसाराचा विचार सामान्यतः प्राणिशास्त्राच्या कक्षेत केला जातो. तथापि तो जलवाहतुकीचा, व्यापाराचा व उपजीविकेचाही इतिहास आहे. प्रस्तुत लेखात ‘रापाना वेनोसा’ या जातीच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

आगमन व विनाश :
या जातीचे शास्त्रीय वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन्स यांनी १८४६ मध्ये केले. जपानचा समुद्र, पीत समुद्र व पूर्व चिनी समुद्र हे तिचे मूळ वसतिस्थान होय. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती काळ्या समुद्रात, नोव्होरोसिस्क या तत्कालीन सोव्हिएत बंदराच्या उपसागरात आढळली. ती जहाजांबरोबर आली असावी, असे मानले जाते. काळ्या समुद्राचे पाणी महासागराच्या मानाने जवळजवळ निम्मेच खारट आहे. त्यामुळे गोगलगायी खाणारे तारामासे तेथे जवळपास नाहीत. शत्रूच नसल्याने तिची संख्या झपाट्याने वाढली आणि कॉकेशस किनाऱ्यावरील गुदौता येथील कालवांचे विस्तीर्ण थर तिने उद्ध्वस्त केले.

शत्रू ते संपत्ती :
१९८० च्या दशकात या इतिहासाला वेगळे वळण लागले. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर हिची व्यापारी मासेमारी सुरू झाली व मांस जपानला निर्यात होऊ लागले. ज्या प्रदेशातून ती आली, त्याच प्रदेशाच्या बाजारपेठेने तिला मोल मिळवून दिले. मात्र तिला पकडण्यासाठी समुद्रतळ खरवडणारी जाळी वापरली गेल्याने तळावरील इतर जीवांचीही हानी झाली.

पुढील प्रसार :
१९७३ मध्ये एड्रियाटिक समुद्रात, १९९८ मध्ये अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात व १९९९ मध्ये दक्षिण अमेरिकेतील रिओ दे ला प्लाता येथे तिची नोंद झाली. तिचे डिंभ काही आठवडे पाण्यात तरंगतात; त्यामुळे जहाजाचा तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेल्या पाण्यातून ते सहज दूरवर जातात. अशा पाण्याचे नियमन करणारा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये स्वीकारला गेला. परंतु तो अंमलात येण्यास २०१७ साल उजाडले.

निष्कर्ष :
जीव स्वतः आक्रमक म्हणून निघत नाही. मानवी व्यवहार त्याला वाहून नेतात. एकदा त्याच्यावर उपजीविका अवलंबू लागली की, त्याचे उच्चाटन कोणालाच परवडत नाही. म्हणूनच बंदरातील प्रतिबंध हाच खरा उपाय ठरतो. गुदौताची कालवे मात्र त्या उपायाची वाट पाहू शकली नाहीत.